लॉन्ड्रीवाल्यांची मुलगी

२ मे. सकाळी दहा
नवी डायरी, नवं आयुष्य. पहाटे पाचला उठायचं ठरवलं होतं. पण पहिल्याच दिवशी शरीराला धक्का नको, म्हणून साडेनऊ.

काल ही म्हणाली, एका हातावर घर चालत नाही, घरातल्या आणखी कोणीतरी कामाला लागलं पाहिजे. ही बॅगांच्या कारखान्यात शिवणाला आहे. खांदे भरून आले की अशी बोलते. बोलताना माझ्याकडेच बघत होती, पण मी मनाला लावून न घेता मोकळेपणाने विचार केला. घरात माणसं तीन. ही तर नोकरी करतेच. मी योग्य ऑफरची वाट बघतोय. खोक्यांच्या कारखान्यात सुपरवायझर राहिलेला माणूस उद्या उठून कुठेही उभा राहिला तर मार्केटमध्ये त्याची किंमत काय राहील? उरली भिंगरी.

भिंगरी म्हणजे आमची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव मीच पाडलं. तेरा पूर्ण. आठवीची परीक्षा झाली, आता सुट्टी. सुट्टीत पोरं नुसती लोळतात. तिच्या वयाचा असताना मीही लोळायचो, पण तो काळ वेगळा होता.

ठरलं. भिंगरीची पहिली नोकरी. व्यक्तिमत्त्व विकास.

३ मे
हिला सांगितलं. ही म्हणाली, कायद्यात बसतं का ते आधी बघा.

अवश्य. कायदा हा माझा हातखंडा विषय. कारखान्यात नोटीस बोर्डावर कायद्याचा कागद मीच चिकटवत असे.

भिंगरीने एकच विचारलं, शाळा सुरू झाली की नोकरी बंद ना? शब्द दिला. काळ्या दगडावरची रेघ, म्हणालो. ती म्हणाली, बाबा, सायकलीच्या वेळीपण तू हेच म्हणाला होतास. पोरगी विनोदी आहे. माझ्यावर गेलीय.

संध्याकाळी नववीच्या जुन्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं घालत बसली होती. शाळा सुटून चार दिवस नाही झाले. इतकी घाई बरी नव्हे.

५ मे
वाचनालयात कायदा वाचला. डोकं उठलं. चौदा पूर्ण झाल्याशिवाय नोकरी नाही. चौदानंतरही शाळेचं पत्र, डॉक्टरचा दाखला, संध्याकाळी सातच्या आत घरी. गरम, धारदार किंवा फिरत्या यंत्रापाशी अठरा होईपर्यंत उभंसुद्धा राहायचं नाही. आणि ऐका, मूल कामाला पाठवणाऱ्या पालकांवरही कारवाई! हे कलम मला अगदीच अनाठायी वाटलं. दोनदा वाचलं.

एकच फट आहे. आईवडिलांचा स्वतःचा धंदा असेल तर मुलांनी शाळा सांभाळून हाताखाली काम केलेलं चालतं. आमचा धंदा नाही. एखादा काढावा का? विचाराधीन.

८ मे
मोहीम सुरू. भिंगरीचा बायोडेटा मी स्वतः केला. 'अनुभव' या रकान्यात 'घरकाम, अभ्यास, धावणे' लिहिलं. 'अपेक्षा' हा रकाना मोकळा ठेवला, कोणाला घाबरवायचं नाही.

खेळण्यांचं दुकान. मालकाला बालकामगार कायद्याची उत्क्रांती थोडक्यात समजावून सांगितली, म्हणजे आपण कोणाशी बोलतोय ते त्याला कळावं. त्याने मध्येच मुलीचं वय विचारलं. चौदावं चालू आहे, म्हणालो. म्हणजे तेरा, म्हणाला. कोत्या मनाचा माणूस. वर म्हणतो, मुलीला नाही घेता येणार, पण माळ्यावरून खोकी खाली आणायला माणूस हवा आहे, तुम्ही रिकामेच दिसताय. मला. खोकी. माझ्या कंबरेचं काय, हे त्याने विचारलंदेखील नाही. बाहेर पडलो.

९ मे
बेकरी. बेकरीवाल्या बाईंनी भिंगरीला एक गरम पाव दिला आणि मला एक कटाक्ष. भट्टीजवळ लहान मूल नको, म्हणाल्या. तुम्हाला पहाटे ट्रे धुवायला येणं जमेल का, म्हणाल्या. पहाटे उठायचा माझा संकल्प आहे खरा, पण तो आत्मोन्नतीसाठी.

परत येताना भिंगरी म्हणाली, बाबा, सगळे तुलाच घ्यायला तयार आहेत. म्हटलं, तेच तर. लोकांना माणसाची पारख नाही.

१४ मे
यश!

मागच्या रस्त्याला मोठी लॉन्ड्री आहे. हॉस्पिटलच्या आणि लॉजच्या चादरी तिथे येतात. आत वाफच वाफ. एका बाजूला धुण्याचे ढोल, एका बाजूला प्रेस. प्रेस म्हणजे दोन लांबलचक तापलेले रूळ. ओलसर चादर एकीकडून घालायची, दुसरीकडून पापडासारखी कडक बाहेर. दारावर पाटी: माणूस पाहिजे.

मालक किडकिडीत, खांद्यावर टॉवेल, आवाज एकदम मऊ. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, उद्यापासून या. मी माझं प्रोफाइल समजावून सांगायला लागलो. मॅनेजमेंट, मनुष्यबळ, वगैरे. तेवढ्यात प्रेसवाल्या मावशी एकट्याच एक भली मोठी चादर घडी घालायला धडपडत होत्या, तर भिंगरीने जाऊन दुसरी टोकं धरली. टोकाला टोक, मग चालत जवळ, मग परत मागे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात, तसं. मालकांचं माझ्या बोलण्यावरून लक्षच उडालं.

मी सदसद्विवेकबुद्धीला स्मरून कायदा सांगितला. एकही कलम लपवलं नाही. मालक शांतपणे ऐकून म्हणाले, घरच्या धंद्यात चालतं ना? मग घरचीच समजा. कोणी विचारलं तर माझी मुलगी.

मालकांना मूलबाळ नाही. तरी परक्याच्या पोरीला एका वाक्यात मुलगी मानणारा माणूस! माझे डोळे पाणावले. वाफेमुळेही असेल. भिंगरीला म्हणालो, मजा आहे तुझी, आता दोन बाबा. ती हसली नाही. तिने मालकांना विचारलं, मग तुम्हाला काय म्हणू? ते म्हणाले, घरी म्हणतेस तेच.

हिला यातला 'घरची' हा भाग सांगितला नाही. घडी घालायचं हलकं काम, एवढंच सांगितलं. बायका भावनिक असतात.

१५ मे
भिंगरीचा कामाचा पहिला दिवस. निरोप द्यायला उठणार होतो. गजर हिने बंद केला असावा.

२१ मे
आज भिंगरीने मला चादरीची घडी शिकवली. दोन माणसांचं काम आहे. समोरच्याकडे बघत राहायचं, तो ओढेल तेवढंच ओढायचं, आणि जवळ येताना टोक सोडायचं नाही. मी तीनदा सोडलं. ती हसून हसून खाली बसली. म्हणाली, बाबा, तुझं लक्ष कुठे असतं? हीसुद्धा हसली. बऱ्याच दिवसांनी घरात असं हसू ऐकलं. फार बरं वाटलं.

संकल्प: रोज एक चादर.

२९ मे
भिंगरी हल्ली यायला आठ वाजवते. कायद्याने सात. माझ्यातला सुपरवायझर जागा झाला. तडक लॉन्ड्रीत गेलो. मालकांनी बसायला स्टूल दिलं, चहा मागवला. म्हणाले, घरच्या धंद्याला घड्याळ कुठे असतं? मग माझ्या शर्टाची कॉलर बघून म्हणाले, काढा, दोन मिनिटांत इस्त्री मारून देतो. काय तो कडक शर्ट! आरशात बघितलं तर साक्षात जनरल मॅनेजर. वेळेचा मुद्दा बोलायचा राहिला. आता दर आठवड्याला एक शर्ट टाकत जा म्हणाले, तुम्ही काय परके आहात का?

नाहीच मुळी.

५ जून
प्रेसवाल्या मावशींचे पाय सुजले म्हणून त्या लेकीकडे गेल्या. त्यांच्या जागी तात्पुरती भिंगरी. प्रमोशन! तीन आठवड्यांत घडीवरून मशीनवर. मला सुपरवायझर व्हायला पाच वर्षं लागली होती.

भिंगरी म्हणाली, रूळ खूप तापतात, चादर आत सरकवताना बोटं जवळ जातात, समोरची लोखंडी पट्टी तुटलीय, ती असती तर हात आत गेला नसता. तू मालकांना सांग ना, माझं ते ऐकत नाहीत. तिला म्हणालो, सोमवारी सांगतो. असे विषय आठवड्याच्या सुरुवातीला काढायचे असतात. मॅनेजमेंटचा नियम आहे.

८ जून. सोमवार
न्हाव्याकडे गर्दी होती.

१० जून
मालकांशी बोललो. सगळं ठीक ना, विचारलं. ठीक, म्हणाले. भिंगरीला सांगितलं, बोललोय मी. तिने विचारलं, पट्टीचं काय म्हणाले? म्हटलं, एकूणच सगळं ठीक आहे म्हणाले.

१५ जून
शाळा सुरू झाली.

भिंगरी सकाळी युनिफॉर्म घालून, दप्तर पाठीला लावून दारात उभी. ही कामावर गेलेली होती. मालकांचा निरोप होता, दुसरं माणूस मिळेपर्यंत आठवडाभर सांभाळून घ्या. मी तिला समजावलं की पहिल्या आठवड्यात काही शिकवत नाहीत, बाकं पुसणं, हजेरी, नवीन कोण जुनं कोण, यातच वेळ जातो. ती म्हणाली, काळ्या दगडावरची रेघ. एवढंच. मग युनिफॉर्म बदलून लॉन्ड्रीत गेली. दप्तर घेऊन गेली.

हिला म्हणालो, गेली हो. कुठे ते हिने विचारलं नाही.

मालकांनी मला आज परत विचारलं, तुम्हीच का येत नाही? चार दिवसांत हात बसेल. मी म्हणालो, दोनतीन ठिकाणी बोलणी चालू आहेत. तशी चालू आहेतच. माझ्या बाजूने.

२३ जून
शाळेतून वर्गशिक्षिका बाईंचा फोन. भिंगरी का येत नाही? ताप, म्हणालो. आवाजात थोडा खोकलाही घातला. नंतर लक्षात आलं, ताप तिला आहे. पण घरात साथ असू शकते.

मालक म्हणाले, अजून थोडे दिवस. पाटी तर लावलेलीच आहे, माणूस मिळत नाही त्याला मी काय करू? खरं आहे. आजकाल कोणाला कष्ट नकोत.

२७ जून
भिंगरीचा हात भाजला. उजवा. चादर आत सरकवताना अडकली, ती ओढायला गेली. तीन बोटं आणि तळवा.

मालकच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टर त्यांच्या ओळखीचा. घरी इस्त्री करताना भाजलं असं कागदावर लिहिलं, म्हणजे उगाच चौकशा नकोत. मी गेलो तेव्हा ती बाकावर बसली होती. हात पांढऱ्या बोचक्यासारखा. रडत नव्हती. हालतही नव्हती. तिला इतकं शांत बसलेलं मी कधी बघितलं नाही.

हिला सगळं कळलं, शाळेचंही. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. एकच विचारलं, "तुम्ही त्याला त्या पट्टीचं बोलला होतात ना?" भिंगरी माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, बोललो होतो. हे खोटं नाही. सगळं ठीक ना, यात पट्टीही येते.

तिच्या हाताकडे मला बघवत नाही. म्हणून बघत नाही.

३० जून
सकारात्मक बाजू: उजव्या हाताला विश्रांती मिळाली की डावा हात तयार होतो. दोन्ही हातांनी लिहिणारी माणसं तल्लख असतात असं कुठेतरी वाचलं आहे.

ही म्हणाली, ती आता लॉन्ड्रीची पायरी चढणार नाही, हात वळायला लागला की शाळा. एकदम मान्य. मीही हेच म्हणणार होतो.

३ जुलै
मालकांचा निरोप. बसून टॉवेल मोजायचं तरी काम करू द्या, दुकानात दिसली नाही तर लोक विचारतात, मुलगी कुठे गेली. आणि ड्रेसिंगचा डॉक्टर त्यांचा माणूस. त्यांना दुखावून चालणार नाही. ही कामाला गेल्यावर भिंगरीला म्हणालो, एकच दिवस जा. तिने माझ्याकडे बघितलं. दप्तर उचललं नाही. गेली.

४ जुलै
आज मोठा प्रसंग ओढवला. माझी समयसूचकता नसती तर सगळं घर उघड्यावर पडलं असतं. सविस्तर लिहून ठेवतो.

शर्ट आणायला लॉन्ड्रीत गेलो होतो. शर्ट हातावर घेतला आणि मागून एक बाई आत आल्या. चष्मा केसांत खोचलेला, खांद्याला कापडी पिशवी. लेबर इन्स्पेक्टर. मालकांनी लगेच खुर्ची पुसली. बाई बसल्या नाहीत. टॉवेलांच्या ढिगापाशी भिंगरी आजही बसली होती, तिच्याजवळ जाऊन खाली उकिडव्या बसल्या. हात कशाने भाजला ते विचारलं. मालक मऊ आवाजात म्हणाले, माझी मुलगी आहे मॅडम, घरी इस्त्री लागली, डॉक्टरचा कागद आहे.

बाईंनी कागद बघितला. प्रेसची तुटलेली पट्टी बघितली. मग भिंगरीला अगदी हळू सांगितलं, "यांची मुलगी नसशील तर आजच्या आज शाळेत जाशील, आणि हाताचा सगळा इलाज या दुकानाला करावा लागेल. यांची असशील तर माझे हात बांधलेले आहेत बाळा. तूच सांग."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं.

बाईंनीही वळून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही ओळखता हिला?"

अशा वेळी साध्या माणसाची भंबेरी उडाली असती. मला मात्र ते पालकांवरच्या कारवाईचं कलम शब्दन् शब्द आठवलं. मी आत गेलो तर घराकडे कोण बघणार? ही एकटी कुठे कुठे पुरणार? हा सगळा विचार मी एका क्षणात केला.

"छे," मी म्हणालो, "मी गिऱ्हाईक."

आवाज अजिबात कापला नाही. हातावर शर्ट होता, त्यामुळे शोभलंही.

बाई परत भिंगरीकडे वळल्या. मालकांकडे बोट करून विचारलं, हे कोण? ती म्हणाली, बाबा. मग माझ्याकडे बोट करून विचारलं, आणि ते? भिंगरी म्हणाली, "ते काका आहेत. शर्ट न्यायला येतात."

इतकं सहज! शिकवूनसुद्धा जमणार नाही. बाई तिच्या केसांवरून हात फिरवून उठल्या. जाताना मला वाट द्यावी लागली, दार अरुंद आहे.

मालकांनी शर्टाची घडी स्वतः घालून दिली.

घरी येताना वाटेत दोनदा बसलो. ऊन फार होतं.

५ जुलै
दिवसभर घराबाहेर पडलो नाही. मिशी काढून टाकली. तिचा त्या बाईंशी काही संबंध नाही. माणसाला मधूनमधून बदल हवा असतो.

संध्याकाळी भिंगरीने डाव्या हाताने ताट आणून ठेवलं आणि म्हणाली, "काका, जेवून घ्या." मी खो खो हसलो. दुकानातला विनोद तिने घरापर्यंत आणला! विनोदाला टायमिंग लागतं, ते तिच्याकडे आहे. ही हसली नाही. म्हणाली, काका काय? काय झालं दुकानात? भिंगरीने सांगितलं. माझ्या समयसूचकतेचा भाग तिने फारच थोडक्यात उरकला.

हिचा घास हातातच राहिला. मग ही ताटावरून उठली.

७ जुलै
भिंगरीचा विनोद चालू आहे. काका, चहा. काका, आंघोळीला पाणी तापलंय. आणि आता मला अहोजाहो करते. आधी 'बाबा, तू' होतं. लॉन्ड्रीतलं वळण. मोठ्यांशी कसं बोलावं ते शिकली. नोकरीचे असे अप्रत्यक्ष फायदे लोकांच्या लक्षात येत नाहीत.

पण एखादा विनोद फार ताणला की त्यातली मजा जाते. हे तिला सांगणार आहे.

८ जुलै
सांगितलं. बरं काका, म्हणाली.

१० जुलै
हिने आज कारखान्यात खाडा केला, भिंगरीला घेऊन शाळेत गेली आणि वर्गशिक्षिका बाईंना सगळं सांगून आली. सगळं म्हणजे सगळं. माझ्याशी विचारविनिमय न करता! शाळेने लगेच वर्गात बसवून घेतलं. बाई डाव्या हाताने गिरवायला वेगळी वही देणार आहेत.

मी म्हणालो, बघ, शेवटी गेलीच ना शाळेत? बाबाचा शब्द! काळ्या दगडावरची रेघ! ही पोळ्या लाटत राहिली.

आता तरी या घरात माझ्या शब्दाला मान असायला हवा, असं मला वाटतं.

१३ जुलै. संध्याकाळ
दुपारी दार वाजलं. ही कारखान्यात, भिंगरी नुकतीच शाळेतून आलेली. दार मी उघडलं. तर इन्स्पेक्टर बाई.

दार परत लावणार होतो, पण मिशी नव्हती हे आठवलं आणि धीर आला. या, बसा, म्हणालो. पाणी दिलं. बाईंनी चष्मा केसांतून काढून डोळ्यांवर घातला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. नजर अधू असावी.

त्या म्हणाल्या, मुलीच्या आईचा जबाब मिळाला आहे, शाळेचाही. लॉन्ड्रीवाले मात्र अडून बसले आहेत, ती माझीच मुलगी, घरीच भाजली म्हणतात, डॉक्टरही तेच म्हणतो. वडिलांनी समोर येऊन एवढंच सांगितलं की ही माझी मुलगी आणि मी तिला तिथे कामाला पाठवलं होतं, तर त्यांचा खोटेपणा तिथेच संपेल. मुलीची दोन बोटं अजून वळत नाहीत, मोठ्या हॉस्पिटलात न्यायला हवं, आणि ते त्या दुकानाच्या खर्चाने झालं पाहिजे. उशीर झाला तर बोटं तशीच राहतील. मग भिंगरीला विचारलं, "बाबा आहेत का घरी?"

भिंगरी कॉटवर दोरीवरचे वाळलेले कपडे घेऊन बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. लॉन्ड्रीत बघितलं होतं तसंच. मी बोलणार होतो. वाक्य तयार होतं. साधं वाक्य, त्यात अवघड असं काहीच नाही. कारखान्यात मी पन्नास माणसांसमोर बोललेला माणूस आहे. पण एकदम काहीतरी बोलून टाकण्यापेक्षा कलमाचा क्रमांक आठवून मग बोलावं असं वाटलं.

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा नाहीत. हे काका आहेत."

मुलांना चारचौघांत खोटं पाडू नये. त्यांचा आत्मविश्वास जातो. म्हणून मी काही बोललो नाही.

बाई म्हणाल्या, असं का. मग उठल्या. मला म्हणाल्या, "काका, तिचे बाबा आले की माझा एवढा निरोप सांगा. आईच्या जोरावर आम्ही लढूच, पण त्याला वेळ लागेल. आणि पोरीच्या बोटांना वेळ नाही, हेही सांगा त्यांना."

सांगतो, म्हणालो.

दारापर्यंत सोडायला गेलो. जिन्यात वळताना त्यांनी एकदा मागे बघितलं. पण ओळखलं नाही. मिशी काढली ते बरं झालं.

आत आलो तर भिंगरी एकटीच चादरीची घडी घालत होती. एक टोक हनुवटीखाली, एक डाव्या हातात, उजवा हात बाजूला धरलेला, कुठे लागू नये म्हणून. चादर मोठी होती, जमिनीला लागत होती. मी पुढे होऊन दुसरी टोकं धरली. यावेळी सोडणार नव्हतो. अगदी घट्ट धरली होती.

तिने माझ्या हातातून ती हळूच सोडवून घेतली.

"राहू द्या काका," म्हणाली, "जमतं मला."

आता डायरी घेऊन बसलोय. उद्यापासून पाचला उठायचं आहे. लॉन्ड्रीच्या दारावर पाटी अजून तशीच आहे म्हणतात. ही कामावरून यायची आहे. बाईंचा निरोप अजून माझ्यापाशीच आहे.